सलग 21 सामने हरलो. स्कोअरची वही चालू ठेवू का?

आगरातली काकू (गुहागर)
6 ऑगस्ट 2024, सकाळी 10:40

नमस्कार मंडळी,

आज सकाळी ओकलंडला (कॅलिफोर्नियातलं) 5-1 असे हरलो. हरलो म्हणजे शिकागो व्हाइट सॉक्स, अमेरिकेतला बेसबॉलचा संघ. हा सलग 21 वा पराभव. 10 जुलैला मिनेसोटाशी हरलो तेव्हा आषाढ लागून चार दिवस झाले होते. मग पिट्सबर्ग, कॅन्सस सिटी, टेक्सास, सिअ‍ॅटल, पुन्हा कॅन्सस सिटी, पुन्हा मिनेसोटा. एकादशी गेली, गुरुपौर्णिमा गेली, परवा दिव्यांची अवस झाली, काल श्रावण लागला. मधे एकही विजय नाही.

मी साठीची आहे. घरामागे नारळ-पोफळीचं आगर आहे, पुढच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. 2022 साली मुलीच्या बाळंतपणाला शिकागोला गेले, एप्रिल ते सप्टेंबर. नात मे महिन्यात झाली. जावई मूळचे संगमेश्वरचे, पण शिकायला शिकागोच्या दक्षिण भागात होते, तेव्हापासून व्हाइट सॉक्सचे. त्या शहरात दोन संघ आहेत, उत्तरेला कब्स आणि दक्षिणेला आपला. मुलीचा सव्वा महिना झाला आणि जावई म्हणाले, "आई, तुम्ही घराबाहेर पडलाच नाहीत. चला." लाल मार्गाच्या गाडीने 35 व्या रस्त्यावर उतरलो. मला वाटलं होतं, क्रिकेटसारखंच काहीतरी असेल.

शेजारच्या खुर्चीवर एक आजी होत्या, माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या. मांडीवर वही, हातात टोक केलेली पेन्सिल. मी सारखी वहीत डोकावते हे त्यांच्या लक्षात आलं, तशी त्यांनी वही माझ्याकडे सरकवली आणि शिकवायलाच घेतलं. मैदानावरच्या प्रत्येक जागेला आकडा असतो. पिचर (चेंडू फेकणारा) 1, कॅचर (बॅटरच्या मागे बसून धरणारा) 2, मग पहिला, दुसरा, तिसरा बेस 3, 4, 5, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला) 6, आणि लांबचे तिघे 7, 8, 9. बॅटरने चेंडू शॉर्टस्टॉपकडे मारला, त्याने उचलून पहिल्या बेसला फेकला आणि बॅटर आऊट झाला की चौकटीत 6-3. तीन स्ट्राइक (हुकलेले किंवा मारण्याजोगे असून सोडलेले चेंडू) होऊन आऊट झाला की इंग्रजी के. बॅट न फिरवता नुसता बघत राहून आऊट झाला तर तोच के उलटा. माझं इंग्रजी बेताचं, पण आकड्यांना भाषा लागत नाही. नवव्या इनिंगपर्यंत मी चौकटी भरत होते आणि आजी नुसतं बोट ठेवून दाखवत होत्या. त्यांनीच सांगितलं की व्हाइट सॉक्स 1917 नंतर थेट 2005 साली विश्वविजेते झाले. मधे 88 वर्षं. त्यांचे वडील तो दिवस न बघताच गेले.

त्या वर्षी आपण 81 जिंकलो आणि 81 हरलो. बरोबर निम्मे निम्मे. मी परत आले ती ही सवय घेऊनच. शिकागोत संध्याकाळचे सात दहा होतात तेव्हा गुहागरात पहाटेचे पाच चाळीस झालेले असतात. मला तशीही त्या वेळी जाग असते. जावयांनी सामने बघायची वर्षाची वर्गणी भरून दिली आहे. पावसाळ्यात इकडे चित्र अडकतं, पण आवाज येतो, आणि हा खेळ नुसता ऐकूनही दिसतो. पडवीत बसते, फुलस्केप वही, ह्यांची जुनी फूटपट्टी, चहा. आदल्या रात्रीच चौकटी आखून ठेवते. जिंकलो की पानाच्या वरच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट लावते, जशी आपण दिवाळीत नव्या वहीला लावतो. 2023 साली 101 सामने हरलो, तरी बोटं बरीच होती. यंदा मे-जूनमध्ये सलग 14 हरलो, तेव्हाही टिकले. आता करंडा पडवीतच असतो. 10 जुलैपासून झाकण उघडलेलं नाही.

खरं सांगू? सगळ्यात जास्त लागलं ते 29 जुलैला. हरता हरता मधेच आपली माणसंच दुसऱ्या संघांकडे पाठवून दिली. एरिक फेडी, टॉमी फॅम, मायकेल कोपेक, तिघेही एका दिवसात. दुसऱ्या दिवशी एलॉय हिमेनेझ. फेडीची तर मला फार अपूर्वाई. इथे चाललं नाही म्हणून कोरियात गेला, तिथे 2023 साली सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि परत येऊन आपल्यासारख्या संघात दर पाचव्या दिवशी मान खाली घालून मन लावून फेकत होता. संघ नव्याने बांधायचा तर असंच करतात, मोठ्यांना देऊन पोरं घेतात, हे जावयांनी नीट समजावलं आणि मला पटतंही. पण त्यांची नावं मी वहीत तीन-चार महिने, काहींची दोन वर्षं लिहिली होती. आता रोज सकाळी नवं नाव कानावर येतं. ते मी आधी पेन्सिलीनेच लिहिते.

जावयांनी मिनेसोटाच्या सामन्यांपासून बघणं सोडलं. मुलगी म्हणते, "आई, तू तरी झोप आता." ह्यांनी आज फवारणीला जाताना (पाऊस जरा उघडलाय, पोफळीवर कोळेरोग यायच्या आत बोर्डो मारून घ्यायचं आहे) वहीकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं, मिटव ती. दिवसभर तोंड उतरलेलं असतं तुझं." ते खोटं नाही. काल आमटीत मीठ दोनदा पडलं आणि खोलीतल्या पाहुण्यांसमोर मला ओशाळायला झालं.

तर विचारायचं ते हे. तुमच्यापैकी कुणी इतका सलग हरणारा संघ धरून ठेवला आहे का? कुठलाही खेळ चालेल. बघत राहिलात की मधे थांबलात? आणि थांबलात तर पुढे काय वाटलं? उद्या सकाळी सात दहाला ओकलंडशीच पुन्हा आहे. चौकटी आखू की नको, एवढं सांगा.

---

लांजा ते बाल्टिमोर
6 ऑगस्ट, दुपारी 4:15

काकू, तुमचा एलॉय आमच्याकडेच आलाय. नीट सांभाळू.

मी बाल्टिमोरला 2001 पासून आहे, म्हणजे ओरिओल्सचा. अमेरिकन लीगमध्ये (इथल्या दोन मोठ्या लीगांपैकी एक) सलग 21 हरण्याचा विक्रम आजवर आमच्या एकट्याचा होता, आजपासून तो तुमच्याबरोबर वाटून घेतला. 1988 साली आम्ही मोसमाची सुरुवातच 21 पराभवांनी केली. एप्रिल महिना, बाकी सगळे संघ नव्या उमेदीने खेळताहेत आणि आमच्या नावापुढे शून्य. सहा सामन्यांनंतर मॅनेजर कॅल रिपकेन सीनियर यांना काढलं, आणि त्यांची दोन मुलं त्याच संघात खेळत होती. फ्रँक रॉबिन्सन आले, तरी आणखी 15 हरलो. इथल्या एका रेडिओ निवेदकाने जाहीर केलं की संघ जिंकेपर्यंत मी माइक सोडणार नाही. अकरा दिवस बसला तो स्टुडिओत.

शेवटी 29 एप्रिलला 9-0 असा पहिला विजय मिळाला. कुणाविरुद्ध, सांगू? तुमच्या व्हाइट सॉक्सविरुद्ध, शिकागोतच. नंतरचे दोन पुन्हा हरलो, आणि एक विजय, 23 पराभव घेऊन संघ 2 मे रोजी घरी आला. त्या रात्री मैदानावर 50,402 माणसं होती. माझ्या ऑफिसातला एक सहकारी तेव्हा चौदा वर्षांचा होता, वडिलांबरोबर गेला होता. तो सांगतो की खेळाडू बाहेर आले तेव्हा सगळं मैदान उभं राहिलं, आणि त्याचे वडील रडत होते. पुढच्या वर्षी त्याच संघाने 87 सामने जिंकले आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत पहिल्या नंबरासाठी झुंजला.

आता माझं. 2021 च्या ऑगस्टमध्ये आम्ही सलग 19 हरलो. मी बारा बघितले आणि सोडलं. मुलाला म्हटलं, पुरे, टीव्ही बंद. 25 ऑगस्टला एंजल्सविरुद्ध जिंकलो, समोर चक्क जपानचा नामांकित ओहतानी फेकत होता, 10-6. मी तेव्हा तळघरात कपडे धुवायला टाकत होतो. मुलगा वरून ओरडत आला. त्याने माझ्या नकळत, खोलीत फोनवर, उरलेले सगळे सामने बघितले होते. तो विजय त्याचा होता. मला नुसता आकडा मिळाला. 2023 ला आम्ही 101 सामने जिंकले आणि ते सगळं वर्ष मी त्याच्याबरोबर बघितलं, पण ती एक संध्याकाळ अजून टोचते.

चौकटी आखा.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)
6 ऑगस्ट, संध्याकाळी 5:02

वहिनी, मी उलट सांगणार आहे, राग मानू नका.

बंगळूरचा आयपीएलचा पुरुष संघ. 2024 पर्यंत 17 मोसम झाले, एकदाही करंडक नाही. 2016 च्या अंतिम सामन्यात घरच्या मैदानावर 8 धावांनी हरलो. त्या रात्री मी जेवलो नाही, दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं नाही, आणि बायकोशी ज्या आवाजात बोललो तो आवाज मला अजून आठवतो. रक्तदाब तेव्हाच निघाला. डॉक्टरांनी आधी मीठ बंद केलं, मग मी स्वतः क्रिकेट बंद केलं. आठ वर्षं झाली. संध्याकाळी नदीवर फेरी मारतो, नातवाला सायकल शिकवली. मला काही चुकल्यासारखं होत नाही.

आमटीत दोनदा मीठ पडलं हे तुम्ही स्वतः लिहिलं आहे. ते हसण्यावारी नेऊ नका. ह्यांचं ऐका, निदान आठवडाभर.

---

आगरातली काकू
6 ऑगस्ट, संध्याकाळी 6:30

लांज्याचे भाऊ, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. 50,402 हा आकडा मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला. एलॉयला डाव्या बाजूला धावताना पाय जपायला सांगा, फार वेळा दुखावलाय बिचारा.

चिपळूणचे भाऊ, राग कसला? तुम्ही जे केलंत ते विचाराने केलंत. माझ्या बाबतीत फरक एवढाच वाटतो की आमचे वर्षाला 162 सामने असतात, म्हणजे जवळपास रोज. एका रात्रीत सगळं गेलं असं इथे होत नाही. हरलो की बावीस-तेवीस तासांत पुन्हा उभं राहायचं. त्याचाच त्रास होतो आणि त्यावरच निभावतंही. पण ह्यांच्यावर माझ्यामुळे आवाज चढला तर त्या दिवशी वही बंद करीन, हे तुमचं वाचून ठरवलं.

---

देवरुखचे मास्तर
6 ऑगस्ट, रात्री 8:10

गणित शिकवतो म्हणून थोडा हिशेब करून पाहिला.

तुमचा संघ आज 27 जिंकलेला आणि 88 हरलेला आहे. म्हणजे ढोबळ मानाने चारांत एक जिंकतो. असा संघ ठरावीक 21 सामने ओळीने हरण्याची शक्यता तीन-चतुर्थांशाचा एकविसावा घात, म्हणजे साधारण 420 त एक. मोसमात अशी ओळ कुठूनही सुरू होऊ शकते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. सांगायचा मुद्दा असा की वाईट संघाला असं होणं दुर्मीळ आहे, अघटित नव्हे. कुणाची दृष्ट लागली, कुणाचा पाय वाईट, असलं काही मनात आणू नका. तुम्ही पडवीत बसता म्हणून ते हरत नाहीत.

उद्याची शक्यता तीच, चारांत एक. वर्गात चार मुलांतल्या एकाचं उत्तर बरोबर आलं तर मला आश्चर्य वाटत नाही.

---

आगरातली काकू
6 ऑगस्ट, रात्री 8:25

मास्तर, तुम्हाला कसं कळलं? टेक्सासच्या चार सामन्यांच्या वेळी मी खरंच जागा बदलली होती. पडवीतून माजघरात बसले. कुणाला सांगितलं नव्हतं. उद्या पडवीतच बसते.

---

आचऱ्याचो
6 ऑगस्ट, रात्री 9:40

काकीनू, आमच्या वाडीची टेनिस बॉलची टीम सात वर्सा झाली पयल्याच म्याचीत भायर जाता. तरी दर मे म्हयन्यात मुंबयसून पोरां रजा घेवन येतत, खळ्यात लायटी लावन प्रॅक्टिस करतत. माझो बापूस स्कोअर लिवता. गेल्या साली आमी 31 मदी ऑलआऊट झालो तो कागद पण तेणा ठेवलो हा. तुमी लिवा.

---

कॅचर दापोली
6 ऑगस्ट, रात्री 10:55

काकू, मी सॉफ्टबॉल खेळायचे, शाळेपासून विद्यापीठापर्यंत, कायम कॅचर. आता शाळेतल्या मुलींना शिकवते. आपल्या कोकणात स्कोअरची वही लिहिणारं कुणी आहे हे वाचून मी आईला उठवून सांगितलं.

एक सुचवू? उद्या सगळ्या संघाची चौकट लिहा, पण लक्ष एकाच माणसावर ठेवा. उद्या जॉनथन कॅनन फेकणार आहे. हा मुलगा व्हाइट सॉक्सने 2022 च्या जुलैमध्ये निवडला, जॉर्जिया विद्यापीठातून, तिसऱ्या फेरीत. जुलै 2022 म्हणजे तुम्ही तिथेच होतात. तुमची नात दोन महिन्यांची होती तेव्हा तो या संघाचा झाला आणि यंदाच पहिल्यांदा मोठ्या मैदानावर आला. फेडी गेला, कोपेक गेला, पण ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ते असे आहेत.

त्याचा सिंकर बघा. बॅटपाशी येता येता चेंडू खाली बसतो, म्हणून फटका वर उचलला जात नाही, जमिनीवरून जातो. तो चांगला चालला असेल तर तुमच्या चौकटींत 6-3, 4-3, 5-3 दिसू लागतील. 7, 8, 9 जास्त दिसू लागले तर समजायचं की चेंडू वर राहतोय. कॅचरला हे हातमोज्यात कळतं, तुम्हाला वहीत कळेल. आणि सुरुवातीच्या बॅटरला तो पहिला चेंडू स्ट्राइक टाकतो का ते बघा. आमच्या मुलींना मी एवढंच मोजायला लावते. हरलेल्या सामन्यातही ते मोजता येतं.

1900 नंतरचा सलग पराभवांचा सगळ्यात मोठा आकडा तुम्हाला ठाऊक असेलच. फिलाडेल्फिया फिलीज, 1961, सलग 23. तो संघ 20 ऑगस्टला मिलवॉकीत एकदाचा जिंकला आणि विमानाने घरी आला, तेव्हा विमानतळावर लोक बँड घेऊन उभे होते. ज्या पिचरने ती ओळ तोडली, जॉन बुझार्ट, त्यानेच ओळ सुरू व्हायच्या आधीचा शेवटचा सामनाही जिंकून दिला होता. मुलींना ही गोष्ट मी दर वर्षी सांगते.

---

आगरातली काकू
7 ऑगस्ट 2024, सकाळी 10:20

मंडळी, जिंकलो. 5-1.

काल आपण 5-1 ने हरलो आणि आज त्याच आकड्याने, त्याच मैदानावर जिंकलो. हात अजून थरथरतोय, अक्षर चुकलं तर सांभाळून घ्या.

सगळं सांगते. सात वाजता पाऊस कोसळायला लागला. चित्र तर सोडाच, आवाजही तुटत होता. ह्यांनी फोन पडवीच्या खांबाला, जिथे आम्ही कंदील टांगायचो त्या खिळ्याला, पिशवीत घालून बांधला. तिथे रेंज बरी येते. आणि मग स्वतः तिथेच बाकावर बसले. फवारणी पावसाने राहिलीच होती.

दापोलीची ताई, तुमचं ऐकलं. कॅननकडेच लक्ष ठेवलं. सहा इनिंग फेकला आणि एकच धाव दिली! 6-3, 4-3 लिहिताना मला तुमचा हातमोजा आठवत होता. आपल्या बेनिनटेंडीने दोन धावांचा होमरन (चेंडू थेट मैदानाबाहेर) मारला, तेव्हा मी उठून उभी राहिले आणि मांडीवरची पेन्सिल खाली पडून टोक मोडलं. ह्यांनी कोयतीने टोक करून दिली. त्यांना खेळातलं काही कळत नाही, तरी आठव्या इनिंगपासून विचारत होते, "अजून किती आऊट?" मी बोटं दाखवत होते. सहा. पाच. तीन झाले तेव्हा त्यांनी विचारणं बंद केलं आणि माझ्याकडे बघायचंही बंद केलं, आगराकडे बघत बसले.

शेवटचा आऊट झाला तेव्हा मी ओरडले वगैरे नाही. मला एकदम त्या शेजारच्या आजी आठवल्या. त्या कुठे असतील, जाग्या असतील का. शिकागोत रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

तेवढ्यात जावयांचा फोन. "आई, ऐकलंत?" म्हटलं, तुम्ही तर सोडलं होतं ना? तर म्हणाले, गाडीत बसून रेडिओ ऐकत होते, इमारतीखाली, घरात आवाज नको म्हणून. गेले चार दिवस रोज. मुलीला वाटत होतं, फिरायला जातात.

करंड्याचं झाकण दमट हवेने घट्ट बसलं होतं. ते ह्यांनीच उघडून दिलं. बोट लावलं. नाना पाटेकरी जोर लावावा लागला असं हे म्हणतात, पण त्यांचा चेहरा मी बघितला आहे.

28 विजय, 88 पराभव. आज आमटीचं मीठ आधी मोजून ठेवलंय, चिपळूणच्या भावांना कळवते.

---

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)
7 ऑगस्ट, सकाळी 11:05

वहिनी, अभिनंदन. मनापासून. मी सामना बघितला नाही, पण हा धागा दर दहा मिनिटांनी उघडत होतो.

---

आगरातली काकू
30 सप्टेंबर 2024, सकाळी 9:15

धागा वर आणतेय. मोसम काल रात्री संपला.

तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. 41 जिंकलो, 121 हरलो. 1900 नंतरच्या बेसबॉलमध्ये एका मोसमात इतके सामने कुणीच हरलं नव्हतं. 1962 चे न्यूयॉर्क मेट्स 120 वर होते. आपण जिंकलो त्याच आठवड्यात, 8 ऑगस्टला, मॅनेजर बदलले, ग्रेडी साइझमोर आले. पुढेही हरतच राहिलो. गौरी-गणपतीचे दहा-बारा दिवस माझी वही बंद होती, मुंबईहून दीर-जावांसकट अठरा माणसं घरात. त्या दिवसांची पानं मी कोरी ठेवली आहेत, मागाहून बघून भरली नाहीत. जे ऐकलं नाही ते लिहायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

120 वा पराभव 22 सप्टेंबरला सॅन डिएगोला झाला. मग संघ घरी आला, एंजल्सशी तीन सामने. मला 2 मे 1988 आठवत होतं. लोक येतील का? आले. काहीजण विक्रम बघायलाच आले होते, ते आवाजावरून कळत होतं. 24 तारखेला मागे पडलो होतो, आठव्या इनिंगमध्ये पुढे गेलो आणि 3-2 जिंकलो. मग दुसराही जिंकलो, तिसराही. घरच्या लोकांसमोर तो विक्रम झाला नाही. या पोरांनी होऊ दिला नाही, असंच मी मानते. 121 वा डेट्रॉइटला झाला, ज्या रात्री त्यांचा संघ दहा वर्षांनी पुढच्या फेरीत पोचला त्या रात्री. तिथले लोक आनंदाने नाचत होते आणि त्यात आपला पराभव कुणाच्या लक्षातही आला नसेल. मला बरंच वाटलं. आणि शेवटचे दोन पुन्हा जिंकलो. शेवटचा रात्री पाऊण वाजता सुरू झाला, हे झोपले होते, मी आवाज बारीक करून ऐकला. शेवटच्या सहांत पाच विजय. वहीतलं शेवटचं पान कुंकवाचं आहे.

ओकलंडच्या लोकांसाठी मात्र फार वाईट वाटतं. ज्या मैदानावर आपली ओळ तुटली तिथे आता सामनेच होणार नाहीत. 1968 पासूनचा त्यांचा संघ शहर सोडून चालला. तिथेही कुणीतरी वही लिहीत असेल.

आपला पुढचा मोसम 27 मार्चला, घरच्याच मैदानावर. या वहीत अकरा पानं उरली आहेत, ती आधी संपवीन.

---

कॅचर दापोली
30 सप्टेंबर, दुपारी 1:40

काकू, एक विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलींना घेऊन गुहागरला यायचं म्हणतेय. चौदा जणी आहेत. किनाऱ्यावर खेळू, पण खरं काम तुमच्या पडवीत. मी त्यांना फेकायला, धरायला शिकवलं. वही लिहायला मला नीट वेळ मिळत नाही. 10 जुलैपासूनची पानं दाखवाल? ती 21 पानंच दाखवा आधी. जिंकलेली नंतर.

---

आगरातली काकू
30 सप्टेंबर, दुपारी 2:05

या. पेन्सिली सगळ्यांनी आपापल्या आणा, फूटपट्टी माझ्याकडे आहे. न्याहारीला घावन करीन. फक्त आदल्या दिवशी सकाळी कळवा, एवढ्या जणींचे तांदूळ भिजत घालायला लागतील.